अडला कुठे? : घरच्या कॉम्प्युटरच्या बिघाडशोधासाठी प्रस्तावना

जुलैतली रात्र होती, साडेनऊ वाजले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. "दादा, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. पोरीचा अॅडमिशनचा फॉर्म भरायचाय, बाराला साइट बंद होतेय." काकूंना रडू यायचंच बाकी होतं. मी विचारलं, "चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होतं? पंखा फिरतो का? स्क्रीनवर काही येतं का?" पलीकडे शांतता. मग, "थांबा हं, बघून सांगते."

पंखा फिरत होता. कंपनीचं नाव येत होतं, आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. ती त्यांनी अक्षर जुळवत वाचून दाखवली. या डिस्कवरून सुरू होता येत नाही, बरोबर डिस्क घालून कुठलंही बटण दाबा, अशा अर्थाची ती ओळ होती. "काकू, कुठे पेनड्राइव्ह लावून ठेवलाय का?" लावलेला होता. मागच्या बाजूला, दुपारी झेरॉक्सवाल्याकडून फोटो आणि मार्कशीट स्कॅन करून आणलेला. तो काढला, बटण पुन्हा दाबलं, दोन मिनिटांत विंडोज आलं. पावणेअकराला फॉर्म भरून झाल्याचा फोन आला.

मी स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नव्हता. जागचा उठलोही नव्हतो. एक प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत थांबलो, एवढंच. हे पुस्तक त्या एका प्रश्नाचं आहे: अडला कुठे?

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं ते बहुतेकदा निदान सोबत घेऊनच. "मदरबोर्ड गेलाय." "विंडोज उडालंय." "व्हायरस शिरलाय." कुणी सांगितलं म्हणावं तर मेहुण्यानं, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलानं. निदान चुकीचं असतं म्हणून मला राग येत नाही. ते आधी येतं आणि पाहणं मागे राहतं, हे खटकतं. काय बिघडलं हे घरबसल्या कळणं अवघड आहे. कुठे अडलं हे मात्र ज्याला डोळे आणि कान आहेत त्या कुणालाही कळू शकतं. त्यासाठी कॉम्प्युटर सुरू होताना कुठल्या वाटेनं जातो एवढं ठाऊक असलं की पुरे.

पुण्याहून सुटलेली महाबळेश्वरची एसटी वेळेवर आली नाही, तर स्टँडवरचा माणूस आधी इंजिनाची चर्चा करत नाही. तो विचारतो, वाई सोडली का? पाचगणीला दिसली का? वाई सोडली आणि पाचगणीला पोचली नाही म्हणजे गाडी पसरणीच्या घाटात आहे. कॉम्प्युटरचंही तसंच. त्याच्याही वाटेवर ठरलेले थांबे आहेत, त्यांचा क्रम ठरलेला आहे, आणि एक थांबा ओलांडल्याशिवाय पुढचा येत नाही. शेवटचा कुठला थांबा दिसला हे कळलं की शोधायचा रस्ता एकदम आखूड होतो.

या वाटेचं इंग्रजी नाव आपण जसंच्या तसं उचललं आहे: बूट होणं. पुष्कळांना वाटतं याचा पायातल्या बुटाशी काही संबंध नसावा. आहे. उंच बुटांना मागच्या बाजूला ओढून चढवण्यासाठी एक पट्टी असते. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला जमिनीवरून उचलणं, हा अशक्य गोष्टीसाठीचा जुना वाक्प्रचार होता, आणि कॉम्प्युटरवाल्यांनी तो विनोदानं घेतला. कारण त्यांच्यापुढचा पेच नेमका तोच होता. कॉम्प्युटरला कुठलाही प्रोग्रॅम मेमरीत आणायचा तर त्यासाठी आधी एक प्रोग्रॅम चालू असावा लागतो. मग पहिला कोण आणणार? १९७५ साली आलेल्या अल्टेअर ८८०० या यंत्रात हे काम माणूस करायचा. पुढच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून पहिल्या काही सूचना एकेक करत हातानं भरायच्या आणि मग यंत्र पुढचं स्वतः ओढून घ्यायचं. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. पुढे हा पहिला प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा बसवला गेला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं पीसी आणला तेव्हा त्याचं बायॉस असंच चिपमध्ये होतं. आज त्याची जागा यूईएफआयनं घेतली असली तरी बोलताना आपण सगळे अजून बायॉसच म्हणतो, आणि या पुस्तकातही मी तेच म्हटलं आहे.

आता वाट पाहू.

पहिला थांबा विजेचा. तुम्ही बटण दाबता तेव्हा घरातली २३० व्होल्टची वीज थेट कॉम्प्युटरला मिळत नाही. बटण फक्त मदरबोर्डला निरोप देतं, मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो, आणि एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह तयार करतो. यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार चालत नाही, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ एवढीच मुभा. हे प्रवाह स्थिरावले की एसएमपीएस एका वेगळ्या तारेवरून "सगळं ठीक आहे" असा इशारा देतो. बटण दाबल्यापासून हा इशारा यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि तो येईपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो, पुन्हा फिरतो, पुन्हा थांबतो, असं दिसलं तर गाडी इथेच, डेपोच्या दारात अडली आहे. अशा वेळी विंडोजची सीडी शोधणं म्हणजे पेट्रोल नाही म्हणून काच पुसणं.

दुसरा थांबा स्वतःच्या तपासणीचा. प्रोसेसर जागा झाला की तो बायॉसमधल्या एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन पहिली सूचना उचलतो, आणि बायॉस घरातली माणसं मोजायला लागतं: रॅम आहे का, डिस्प्ले कार्ड आहे का, कीबोर्ड आहे का. जुन्या यंत्रांवर "कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा" अशी सूचना यायची. आमच्या धंद्यातला तो सगळ्यात जुना विनोद आहे. डिस्प्ले कार्ड सापडण्याआधीच अडचण आली तर पडद्यावर लिहिणार कसं? म्हणून बायॉस शिटी वाजवतं. लांब किती, आखूड किती, यावरून रोग कळतो. अॅवॉर्डच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची तक्रार. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये ही शिटी वाजवणारा स्पीकरच नसतो, त्यामुळे बिचारा बोर्ड ओरडत असतो आणि आपल्याला ऐकू येत नाही. तो छोटा स्पीकर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत अगदी किरकोळ पैशात मिळतो. बऱ्याच नव्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट. जो दिवा लागून राहतो, गाडी तिथे थांबलेली असते. ज्यांनी नवा डीडीआर ५ रॅमचा कॉम्प्युटर घेतला आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी बोर्ड तिच्याशी जुळवून घेत बसतो आणि पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. घाबरून बटण बंद केलं की ते काम पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा थांबा डिस्क निवडण्याचा. आता बायॉस विचारतं, पुढचं काम कुणाकडे सोपवू? यादीत पहिलं नाव पेनड्राइव्हचं असेल आणि पेनड्राइव्ह लावलेला असेल, तर ते तिथे जातं. काकूंचा कॉम्प्युटर इथे अडला होता. फ्लॉपीच्या काळात फ्लॉपी आत विसरून हेच व्हायचं. वस्तू बदलली, विसराळूपणा तोच राहिला.

चौथा थांबा सगळ्यात चिंचोळा. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटमध्ये सगळा कारभार असतो: ४४६ बाइटचा छोटासा प्रोग्रॅम, ६४ बाइटमध्ये डिस्कच्या भागांचा नकाशा, आणि शेवटच्या २ बाइटची सही. ही सही सापडली नाही तर डिस्क कितीही भरलेली असो, बायॉसच्या लेखी तिथून सुरू होण्यासारखं काही नाही. तुमचे फोटो, मुलांचे प्रकल्प, सोसायटीचे हिशेब सगळे आत धडधाकट असतात आणि पडद्यावर मात्र "ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही". हा थांबा नीट समजून घ्या. पुढे फॉरमॅटबद्दल जे सांगायचं आहे त्याची गोम इथे आहे.

पाचवा थांबा विंडोजचा. गोल फिरणारे ठिपके दिसले म्हणजे आधीचे चारही थांबे मागे पडले. इथून पुढे ठिपके फिरतच राहिले, निळा पडदा आला (अलीकडच्या विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे), किंवा लॉगिननंतर नुसता बाण दिसत राहिला, तर वीज, रॅम, डिस्प्ले निदान सुरुवातीपुरते तरी चालले आहेत. सुरू होण्याचा प्रयत्न सलग दोन-तीनदा फसला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात स्टार्टअप रिपेअर, मागचं अपडेट काढणं आणि सेफ मोड, तिन्ही असतं. लोक तो पडदा बघून घाबरतात. खरं तर तो मदतीला आलेला असतो.

वाट कळली तरी शोधण्याची एक शिस्त लागते, आणि ती मी माझ्या उस्तादांकडून शिकलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम पुसली, केबल बदलली आणि बायॉसची सेटिंगही बदलली, आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर तुम्ही काहीच शिकला नाहीत. आठवड्यानं पुन्हा बंद पडला की पुन्हा तिन्ही करत बसाल. दुसरं, जे लागत नाही ते काढून टाकायचं. प्रिंटर, वेबकॅम, दुसरी डिस्क, जास्तीची रॅम सगळं बाजूला. एक रॅम, एक कीबोर्ड, एक मॉनिटर. एवढ्यावर चालू झाला तर एकेक परत लावत जायचं. जे लावल्यावर बंद पडेल तो चोर.

रॅमचं काम एकदा जवळून बघू, कारण आपल्या हवेत ते सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं. मे महिन्यात सगळे गावी गेले, कॉम्प्युटर बंद, मग पाऊस लागला आणि शाळा सुरू झाल्यावर बटण दाबलं. पंखा फिरतो, डिस्प्ले नाही. कोकणपट्टीत जूनच्या शेवटी माझ्या टेबलावर अशा कॅबिनेटची रांग लागायची. आधी प्लग भिंतीतून काढायचा. मग बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे बोर्डवर राहिलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवायचा, म्हणजे अंगातली वीज पत्र्याला जाते, रॅमला नाही. खाचेच्या टोकाची खिट्टी मागे सारली की रॅमची पट्टी टप्पकन वर येते. तिच्या तळाशी सोनेरी दातांची ओळ असते. तिच्यावर दमट हवेचा पातळ थर बसतो, नीट प्रकाशात धरली तर सोनं मंद दिसतं. शाळेतलं पांढरं खोडरबर घ्यायचं, दातांवरून एकाच दिशेनं हलक्या हातानं चार वेळा ओढायचं, आणि त्याचा चुरा कापडानं नीट झटकायचा, कारण तो खाचेत गेला तर नवं दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर आणखी चांगलं. मग पट्टीची खाच आणि जागेचा उंचवटा जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा. खिट्टीचा कट् असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही म्हणजे बसली नाही. एवढं करून पडद्यावर कंपनीचं नाव दिसतं तेव्हा घरातली पोरं टाळ्या वाजवतात, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांनी मलाही बरं वाटतं.

हवा हे एक कारण झालं. दुसरं आपली वीज. लोडशेडिंगच्या वर्षांत विंडोज उडालेले जितके कॉम्प्युटर मी पाहिले, त्यातले पुष्कळ व्हायरसनं नव्हे, लिहिता लिहिता वीज गेल्यानं बिघडलेले होते. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते, पण हिरवा दिवा लागत राहतो म्हणून कुणाला पत्ता नसतो. वीज गेली की यूपीएस आणि कॉम्प्युटर एकदमच मान टाकतात. तिसरं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी वायरमनला बोलवा, मला नंतर. आणि चौथी गोष्ट मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. ती संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायॉसची सेटिंगही पुसली जाते. मग डिस्क वाचायची पद्धत बदलते, विंडोज निळा पडदा दाखवतं आणि लोक नवी डिस्क विकत घेतात. बिघाड असतो तो किराणा दुकानातही मिळणाऱ्या सेलचा.

सेटिंगचा विषय सध्या वेगळ्या कारणानंही निघतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला, आणि जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवण्यासाठी व्हिडिओ बघून बायॉस उघडण्याची लाट आली. जुन्या पद्धतीनं मांडलेली डिस्क तशीच ठेवून बायॉस फक्त नव्या पद्धतीवर नेलं की दुसऱ्या दिवशी "बूट डिव्हाइस नाही". अशा वेळी काही बिघडलेलं नसतं. जे बदललं ते जागेवर आणा, कॉम्प्युटर चालू होईल. म्हणूनच सांगतो, बायॉसमध्ये शिरण्याआधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा.

आता फॉरमॅटबद्दल. "फॉरमॅट मारून द्या" हे आपल्याकडचं सगळ्यात महागडं वाक्य आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक हातात हार्ड डिस्क घेऊन आले. दुसऱ्या एका दुकानात "विंडोज येत नाही" म्हणून नेली होती. तिथल्या मुलानं न विचारता सगळी डिस्क साफ करून नवं विंडोज टाकलं, अर्ध्या तासात, अगदी थोडक्या पैशात. डिस्कवर गुरुजींच्या पत्नीच्या शेवटच्या वर्षाचे फोटो होते. नव्या विंडोजनं त्यातल्या बऱ्याच जागेवर लिहून टाकलं होतं. थोडे फोटो मी परत काढू शकलो. बाकीचे नाही. त्या मुलाला दोष देऊन मी मोकळा होत नाही, कारण गिऱ्हाइकालाही घाईच असते. पण चौथा थांबा आठवा. विंडोज येत नाही याचा अर्थ डिस्कमधलं गेलं असा नसतो. बहुतेकदा दार अडलेलं असतं, घर शाबूत असतं.

म्हणून या पुस्तकातला क्रम असा आहे: आधी डेटा, मग यंत्र, सगळ्यात शेवटी फॉरमॅट. लिनक्सचा एखादा लाइव्ह पेनड्राइव्ह करून ठेवला तर विंडोज न येताही कॉम्प्युटर त्यावरून सुरू होतो, आणि आतल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घेता येतात. याचा आणखी एक फायदा आहे. लिनक्स तासभर बिनतक्रार चाललं, म्हणजे प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस बरेचसे निर्दोष. संशय डिस्कवर आणि विंडोजवर. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र तपासणीचे प्रोग्रॅम तिच्यावर चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला धावायला लावल्यासारखं ते आहे. जेवढं काढता येईल तेवढं आधी काढा, आणि फार मोलाचं असेल तर बंद करून जाणकाराकडे द्या. पुराच्या पाण्यात गेलेल्या कॉम्प्युटरचंही तेच. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं, त्यानंतर अनेकांनी "चालतो का बघू" म्हणून ओला कॉम्प्युटर लावून पाहिला. पाण्यापेक्षा त्या बटणानं जास्त नुकसान केलं.

नव्या कॉम्प्युटरवर डेटा काढण्यात एक अडथळा असतो, तो वेळीच माहीत असलेला बरा. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं, त्याचं नाव बिटलॉकर. रोज ते आपसूक उघडतं म्हणून कळत नाही. बायॉस किंवा बोर्ड बदलला की एकदम ४८ आकडी किल्ली मागतं. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असू शकते. ती कुठेच सापडली नाही तर जगातला कुठलाही कारागीर ती डिस्क वाचू शकत नाही.

या सगळ्याचं महत्त्व घरापुरतं आहे असं कुणाला वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटलं. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीनं ते मागे घेतलं, म्हणजे अवघ्या ७८ मिनिटांत. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्त अपडेट तयार होतं, मग यंत्रं लगेच का सुधारली नाहीत? कारण पाचव्या थांब्यावर कोसळून पुन्हा पुन्हा सुरू होणाऱ्या यंत्राला इंटरनेटवरून औषध पोचवायचं कसं? बहुतेक ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जावं लागलं, सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल पुसावी लागली, आणि जिथे बिटलॉकर होतं तिथे आधी ४८ आकडे शोधावे लागले. सुरू न होणारा कॉम्प्युटर शेवटी हातानंच सोडवावा लागतो. मोठ्या कंपन्यांचाही, काकूंचाही.

पुस्तकाची मांडणी थांब्यांच्या क्रमानं आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या थांब्यावर काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते दिलं आहे, मग घरी करता येण्यासारखे उपाय, आणि शेवटी इथे हात थांबवा अशी स्पष्ट रेघ. सगळं पुस्तक सलग वाचायची गरज नाही. पहिलं प्रकरण वाचा, आपला थांबा ओळखा आणि तिथे जा. लॅपटॉपचा विचार वेगळ्या प्रकरणात आहे, कारण तो उघडणं नाजूक काम आहे आणि फुगलेली बॅटरी हा खेळ नव्हे.

काय नाही तेही सांगतो. चिप बदलणं, बोर्डवर डाग देणं यात नाही. एसएमपीएस उघडणं तर मुळीच नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज काही काळ साठून राहू शकते. माझ्या उजव्या हाताच्या बोटावर त्याची एक आठवण आहे आणि ती मी फुकट देतोय. एसएमपीएस बिघडला तर बदलायचा. तो घरी दुरुस्त करायचा नाही.

हे पुस्तक वाचून घरोघरी कारागीर तयार व्हावेत अशी माझी अपेक्षा नाही. दुरुस्तीला न्यावंच लागलं, तरी "चालू होत नाही" एवढंच सांगण्याऐवजी "पंखा फिरतो, नाव येतं, ठिपके फिरतात आणि मग निळा पडदा, काल अपडेट झालं होतं" असं तुम्हाला सांगता यावं. प्रामाणिक कारागिराचा त्यात तासभर वाचतो आणि लबाडाला मदरबोर्ड विकता येत नाही.

शेवटी एक विनंती. हे पान वाचताना तुमचा कॉम्प्युटर बहुधा चालू स्थितीत असेल, म्हणून तीन कामं आजच उरका. मोलाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. बिटलॉकर लागलेलं आहे का बघा, असेल तर ते ४८ आकडे कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. आणि शंभर पानी वही घेऊन तिच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा: बटण दाबल्यावर आधी काय दिसतं, मग काय, आणि विंडोज यायला किती वेळ लागतो. चांगल्या दिवशी कॉम्प्युटर कसा सुरू होतो हे ज्यानं एकदा नीट पाहिलं आहे, त्यालाच वाईट दिवशी तो कुठे अडला हे सांगता येतं.